एकतिसावा हंगाम

खडकीच्या मैदानावर पहाटे पावणेसहाला
अजून तेच पहिले येतात.
लुना गेली, एम-एटी गेली,
आता नातवाने दिलेली बॅटरीवरची स्कूटर,
आवाज नसलेली,
त्यामुळे पोरांना कळत नाही सर कधी आले,
आणि हे सरांना फार आवडतं.

ऑगस्टीन साळवे.
अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत टर्नर, निवृत्त.
एकतीस हंगाम, अकरा वेळा लीग.
पेपरातला पोरगा विचारतो, यशाचं रहस्य काय, सर?
सर म्हणतात, गुडघ्याला तिळाचं तेल.

मला विचारलं असतं
तर मलाही नीट सांगता आलं नसतं.
मी त्यांचा कॅप्टन होतो, चार वर्षं.
पाचव्या वर्षी, फायनलच्या आदल्या संध्याकाळी
बोपोडीच्या फाटकापाशी आम्ही दोघे अडकलो.
मालगाडी होती, संपता संपेना.
तिच्या खडखडाटात ते म्हणाले,
उद्या तू बाहेर.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
डबे संपले, फाटक वर गेलं,
लुना पुढे निघून गेली.

माझ्या जागी दापोडीचा इर्शाद बागवान,
सतरा वर्षांचा,
बूट कुणाचेतरी, पुढे कापूस कोंबलेला.
आम्ही जिंकलो.
हे 'आम्ही' म्हणायला मला सहा वर्षं लागली.

पुढे कधीतरी एस्तेरबाईंकडून कळलं
की त्याच मे महिन्यात
सरांनी आपली वही बंबात घातली होती.
लांब चेंडू, उंच पोरं, हेडर,
ज्यावर तीन वर्षं जिंकलो ते सगळं.
"त्याच पाण्याने अंघोळ केली बघ,
आणि शीळ घालत बाहेर आले."
तेव्हापासून दर मे महिन्यात एक वही.
बंब गेला, गीझर आला,
आता रद्दीवाल्याकडे देतात, फाडून.

पोरं दरवर्षी सतराचीच असतात.
म्हातारं व्हायचं काम एकट्या सरांकडे.

यंदा विनिशा आली, ओव्हाळांची,
लॅपटॉप घेऊन, बावीस वर्षांची.
सगळ्यांसमोर म्हणाली,
सर, पासष्टाव्या मिनिटानंतर आपली डावी बाजू उघडी पडते
आणि तुम्ही ते बघत नाही.
आम्ही जुने लोक कठड्यावरून खाली उतरलो.
याच मैदानावर एका सल्ला देणाऱ्याच्या मागे
सरांची चप्पल धावलेली आम्ही पाहिली आहे.
सरांनी टोपी काढली.
बादली उपडी घातली, तिच्यावर बसले.
म्हणाले, परत दाखव.
तीनदा बघितलं.
तिसऱ्यांदा चष्मा बदलून.

डावीकडे माझा धाकटा खेळतो.

शुक्रवारी संध्याकाळी सर दुकानात आले.
मी खिळे तोलत होतो, गिऱ्हाईक होतं,
तर सर थांबले, पार त्याचे सुट्टे पैसे होईपर्यंत.
मग म्हणाले, उद्या तुझा पोरगा बाहेर.
त्याला आधी सांगितलंय. समोर बसवून.
पंख्याचा तेवढा आवाज होता.
मी काही बोललो नाही.
ते काउंटरवरचा एक वॉशर फिरवत राहिले,
टर्नरच्या बोटांनी, कड तपासत.
"तुला मी मालगाडीच्या आवाजात सांगितलं होतं.
तुझं बोलणं ऐकावं लागू नये म्हणून.
ते चुकलं."

पंचवीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला.
मला वाटायचं, ती एकट्या माझ्याकडेच आहे.

निघताना पायरीवर वळून विचारलं,
घोटा दुखतो का थंडीत? डावा?
माझे गोल किती, हे त्यांना आठवणार नाही.
दुखतो, मी म्हणालो.

घरी आलो तर पोरगा अंगणात बसून
बुटांतला चिखल काडीने काढत होता,
उद्या खेळायचं असल्यासारखा.
मी आत गेलो, फळीवर बघितलं,
तिळाचं तेल आहे का.