बोटभर भोक

दर दोन आठवड्यांनी तेच.
भाजीच्या कप्प्याखाली पाण्याचं थारोळं,
आणि वर फ्रीझरच्या तळाशी
काचेच्या लादीसारखा बर्फ,
त्यात वाटाण्याचे चार दाणे अडकलेले,
कधी पडले होते कोण जाणे.

कॉर्नर ब्रुकला फेब्रुवारीत
बर्फाचं कौतुक कुणाला?
दार उघडलं की तो कमरेएवढा.
मूसचं मांस, कॉडचे तुकडे, लाल बेरींच्या पिशव्या
सगळं मी मागच्या पायऱ्यांवर मांडलं,
तिथं ते अगदी सुखात राहिलं.
एक पाकीट तेवढं कोल्ह्यानं नेलं.

पहिल्यांदा मी सुरीनं खरवडलं.
दुसऱ्यांदा केस वाळवायचं यंत्र लावून बसले,
लादी सुटली, सहा टॉवेल भिजले,
मी जिंकल्यासारखी झोपले.
पंधराव्या दिवशी मोजे ओले.

मग सिरिल हाइन्स आला.
पेपर मिलमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस,
बोलायचा इतका
की इनिड त्याच्यापासून टेलिफोन लपवायची.
गेल्या हिवाळ्यात डोक्यात कुठंशी
रक्ताची गाठ अडकली.
तेव्हापासून शब्द ओठांपर्यंत येतात
आणि थबकतात.

त्यानं आधी प्लग काढला.
मग मागच्या पत्र्याचे स्क्रू, एकेक,
डाव्या हातानं, कारण उजवा आता ऐकत नाही.
आत पांढरी फटफटीत जाळी,
तिच्याखाली तापणारी सळई,
तिच्याखाली पन्हळ, आणि पन्हळीत एक भोक,
करंगळी जाईल एवढं.
गच्च.

त्यानं बोटांनी थेंब पाडून दाखवले,
सळई तापते, दहिवर वितळतं,
पाणी इथून खाली जायला हवं.
मग मूठ आवळून भोकावर ठेवली.
माझ्याकडे बघितलं.
कळलं, मी म्हटलं.
वाट मिळाली नाही की पाणी जागच्या जागी गोठतं,
आणि जास्त झालं की घरभर फिरतं.

टर्कीवर रस सोडायच्या फुग्याच्या नळीनं
मी कोमट पाणी सोडत राहिले.
किटली दोनदा भरली.
पाऊण तास काहीच नाही.
आणि मग खोल कुठंतरी
गटक.
सिरिल अर्ध्या चेहऱ्यानं हसला.

फ्रिज भिंतीपासून ओढला.
नळीच्या टोकाला रबराची चोच,
तिच्यात मांजराचे केस, बुळबुळीत काळा गाळ,
माझ्या स्वयंपाकघराची अकरा वर्षं.
ती मी साबणानं धुतली, शरमून, दोनदा.

शेवटी त्यानं खिशातून तार काढली,
जाड, उघडी, लालसर,
कुठल्या जुन्या घराच्या भिंतीतली असेल.
सळईला दीड वेढा दिला,
शेपूट वाकवून भोकात सोडलं, दोन बोटं आत.
सळई तापेल तेव्हा तारही तापेल,
ऊब थेट भोकात उतरेल.
हे मला दिसत होतं.
पण त्याला ते सांगायचं होतं.

"तां..." तो म्हणाला.

फ्रिज बंद, घर गप्प.
असं झालं की त्याची मुलगी शब्द पुरा करून टाकते,
प्रेमानंच. इनिडही.
माझ्याही जिभेवर आला होता.
मी हातातला टॉवेल पिळत राहिले,
कोरडा होता तरी.

"तां..."

बाहेर बर्फ उपसायची गाडी गेली,
कपाटातल्या बशा किणकिणल्या.

"तांबं."

एप्रिल संपत आलाय.
पायऱ्यांवरचं सगळं कधीच आत आलं.
अजूनही एक रविवार सोडून एक
मी फ्रीझरच्या तळावरून हात फिरवते.
कोरडा.
सिरिल कधी कधी येतो, न विचारता दार उघडतो,
आपली तार बघतो,
मग खुर्ची ओढून बसतो आणि माझ्या नावाला सुरुवात करतो.

चहा मी नंतर ओतते.