शेरा

सॉल्ट लेकहून निघाल्याला चार तास झाले.
राज्याच्या वेशीवर शेवटचा पेट्रोलपंप,
तिथं घड्याळ एक तास मागं घ्यावं लागतं.
"मग ह्या शिलकी तासाचं काय करायचं?"
दादा विचारतो, ओरडून.
तो ओरडूनच बोलतो. इचलकरंजीत
पस्तीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर होता.

पुढं बेकर. नावाला बेकर, बेकरी कुठं दिसली नाही.
चार घरं, एक ट्रेलर, दोरीवर एकच चादर,
आणि मग नुसतं नेवाडा:
राखी रंगाची झुडपं, सगळी गुडघ्याएवढी,
आखून दिल्यासारखी एकमेकांपासून लांब.
उद्यानाला कमान नाही, तिकीट नाही.
दादाला हे पटेना. "फुकट? मग माणसं कुठायत?"

पायवाटेच्या तोंडाशी खांबावर पत्र्याची पेटी,
पेटीत वही, वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल.
शेवटचं नाव चार दिवसांपूर्वीचं.
त्याखाली दादानं जपून लिहिलं, देवनागरीत:
आदगोंडा बाळगोंडा पाटील. माणसं दोन.
शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला.
"आधी बघू, मग लिहू."

मी ह्याचसाठी आणलं होतं त्याला.
तिकडं सांगून ठेवलं होतं फोनवर,
की दादा, एक जागा आहे, तिथं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.
तो हसला होता. "मला कुठंबी येत न्हाई."

अर्ध्या मैलावर ससा. हरणासारखे लांब पाय,
आणि कान तर केवढे, उन्हात आरपार गुलाबी.
आमच्याकडं वळवले, मग डोंगराकडं, मग कुठंच नाही.
"एवढं कान," दादा ओरडला, "आणि ऐकायला कायबी न्हाई!"
त्या आवाजानं ससा गेला.
आवाज मात्र बराच वेळ जात होता.

एका दगडावर बसलो.
दादानं कानातली यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली.
मी वाट बघत होते, आता तो म्हणेल, अहाहा.
माझ्या कानात माझंच रक्त धपधपत होतं,
दुसरं काही नव्हतं.
"चालूच हाय गं," तो म्हणाला.
काय चालू आहे?
"माग. हितं तर जास्तच. चोवीसच्या चोवीस."
तक्रार नव्हती. जुन्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

मग म्हणाला, "लाइट गेली की सगळं एकदम थांबायचं बघ,
आणि आमी तरीबी वरडतच बोलायचो. सवयीनं.
मग एकजण हसायचा आणि सगळे गप."
माझ्या कॉलेजच्या फिया त्या चोवीस मागांवर निघाल्या.
ते मी कधी म्हटलं नाही.
तिथंही नाही म्हटलं. म्हटलं असतं तर
ओरडून म्हणावं लागलं असतं.

परतताना त्यानं वही उघडली,
रकान्यात लिहिलं: वाट चांगली आहे. पाणी न्यावे.

घड्याळात साडेपाच, पण सूर्याला वेशी ठाऊक नाहीत
आणि दादा दिवस मावळल्यावर जेवत नाही.
गाडीच्या डिकीवर भाकरी, शेंगाचटणी, डब्यात घट्ट दही.
डोंगराची सावली आमच्या ताटापर्यंत यायला
आणि शेवटचा घास संपायला एकच गाठ पडली.

मग गाडी वरच्या वळणापर्यंत नेऊन बंद केली.
काळोख असा, की आपला हात आहे हे
आठवून समजावं. वर तारे इतके
की ओळखीचा एकही सापडेना.
तापलेलं इंजिन निवत होतं: टक्. टक्.
त्याला सांगावं का, विचार केला.

तोवर त्यानं अंधारात बॉनेटवर तळवा टेकला होता,
बिघाड शोधताना जॉबर ठेवतो तसा, बोटं फाकून.
बराच वेळ.
"बरोबर हाय," म्हणाला,
आणि पहिल्यांदाच, हळू.