बर्फाच्या वहीवरून

पहाटे साडेचारला ससून डॉकवर
एकशे अडतीस बोटी लागलेल्या,
आणि माझ्याकडे तराजू एकच.
चुरगळलेल्या पानावरच्या यादृच्छिक अंकांनी
नऊ निवडून दिल्या;
त्यातली सत्तेचाळिसावी नेमकी बाहेरच्या रांगेत,
सहा डेक ओलांडून, चप्पल हातात घेऊन गेले.

बोंबील, करंदी, वाकट्या, एक एकटी हलवा.
तांडेल हसला : नऊ बोटी बघून बंदर कळतं होय?
नाही कळत.

म्हणून बर्फाच्या कारखान्यात गेले.
तिथे लोबोंची वही :
कुणी किती बर्फ नेला, कुणाचे किती थकले,
कार्बनच्या निळ्या अक्षरात, बोटीगणिक.
मासळी विचारली तर कुणी खरी सांगत नाही.
बर्फ उधारीचा,
त्यामुळे त्यात खोट नाही.

माझ्या नऊंचा बर्फ एकोणीस टन,
मासळी साडेनऊ.
म्हणजे टनाला अर्धा.
वहीतला सगळा बर्फ दोनशे ऐंशी :
बंदराची मासळी एकशे चाळीस टन,
न पाहिलेल्या एकशे एकोणतीस बोटींसकट.
आलेख-कागदावर शून्यातून पट्टी टेकवली,
आठ ठिपके शहाण्यासारखे जवळ बसले.

नववा पोशा भांजीचा.
बर्फ शून्य. मासळी नव्वद किलो.
मी म्हटलं, चुकलं असेल काहीतरी.
पाटीवर बसलेली पद्मिनी, त्याची बायको, कोयता पुसत :
बरफ नाय नेला म्हनून
दर्या काय उपाशी धाडतो?

पट्टी उचलली.
रेषा जरा आडवी झाली,
शून्य सोडून वर,
शंभरेक किलोपाशी अक्षाला टेकली.
एकूण आकडा वाढला जेमतेम अर्ध्या टनाने.
साहेब म्हणतील, एवढ्यासाठी?
हो, एवढ्यासाठी.
(शिवाय खालच्या ओळीत चूक किती असू शकते
तेही लिहिलं आहे. ती ओळ
साहेब वाचत नाहीत.)

निघताना पद्मिनीने पिशवीत
मूठभर मांदेली टाकली, न मोजता.
कुठल्या रकान्यात घालू ते सुचेना.
कुलाब्याच्या बसमध्ये
सगळे माझ्यापासून जरा सरकून बसले.