पाकळीचं पाणी

पाकळीला किती पाणी लावायचं
हे वडिलांनी मला सांगितलं नाही.
एकदा फक्त माझा अंगठा धरला,
तांब्यात बुडवला, झटकला,
म्हणाले, एवढंच. बाकी त्याचं.

त्याचं म्हणजे भैरोबाचं.
दहिवडी सोडून फलटणकडं निघालं
की उघडा माळ लागतो, त्याच्या टोकाला आमची ढोरलेवाडी,
एकशे ऐंशी उंबरे, दोन हापसे, एक देव.
शेंदराची पुटं चढून चढून
त्याचं नाक कुठं, ओठ कुठं, ते मलाच माहीत.
उजव्या खांद्याला चिंचोक्याएवढा खळगा आहे.
तिथं पाणी थांबतं, उजवी पाकळी उशिरा सुटते.
तेही मलाच.

या दोन खांद्यांवर गाव चाललं.
बांध कुणाचा, विहीर कुठं, सून नांदवायची का.
ज्ञानू म्हणाला, शेळी मी नेली नाही.
त्याला अंघोळ घालून ओलेत्यानं उभा केला.
डावी पडली, आणि तो तिथंच रडून कबूल झाला.
शेळी आठव्या दिवशी आपली आपण परत आली.
तरी ज्ञानू म्हणत राहिला,
देव खोटं कसं बोलंल? मीच न्हेली असणार.

सरपंचही देवच नेमायचा.
फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी
इच्छुक ओळीनं बसत, टोप्या मांडीवर,
ज्याची उजवी पडेल त्याचा एकच अर्ज.
भांडण नाही, दारू नाही, जेवणावळ नाही.
खरंच नव्हती. उगाच कशाला खोटं सांगू.

मग जागा बायकांची निघाली.
ओळीत नवरेच बसले,
बायकांची आधार कार्डं खिशात घालून.
मागून, चपलांपाशी उभी राहून
अंगणवाडीतली वैजंता म्हणाली,
माझंबी नाव घाला की देवाच्या कानावर.
कुणीतरी विचारलं, तुझ्या मागं पुरुष कोण?
हाय की, ह्यो बसलाय.
आणि तिनं गाभाऱ्याकडं बोट केलं.

हसले. नाव घातलं नाही.

मी तगरीच्या पाकळ्या लावल्या.
पहिल्याचं नाव घेतलं. पडेना.
दुसऱ्याचं. तिसऱ्याचं.
उदबत्ती संपली, दुसरी लावली.
पाटलांनी नारळ कबूल केला, मग बोकड.
दीपमाळेची सावली पायरीखाली गेली.
पाकळ्या तशाच, दगडातून उगवल्यासारख्या.
तहसीलची खिडकी तीनला बंद होते
आणि देवाच्या होकाराशिवाय
एकाही गड्याचं पाऊल उचलेना.

मागं चपला वाजल्या.
साडेबाराची एसटी तिनं धरली.

मला विचारू नका.
विचारायचंच तर एवढं विचारा
की त्या सकाळी तांब्यात नुसतं पाणी होतं का,
का आदल्या रात्री नातीनं कोमट पाण्यात गूळ विरघळवला
तेव्हा मी चुलीपाशीच होतो.
आणि गुळाच्या पाण्याकडं माझा हात कुणी नेला.
एवढंच म्हणजे केवढं,
यात माझी चाळीस वर्षं गेली.

पंच म्हणतात, देव रुसला.
वैजंता म्हणते, रुसला न्हाय, दमला.
तिनं टाकीचं पाणी आधी वरच्या वस्तीला सोडलं,
गाव चार दिवस धुमसलं,
पाचव्या दिवशी संध्याकाळी ती एकटी देवळात आली.
गुरव, माझं चुकलं तर कुठली पडंल?
म्हटलं, बाई, आता चुकलीस तर माणसंच सांगतील.
ती बराच वेळ उभी होती.
ते लई अवघड हाय, म्हणाली, आणि दिवा लावून गेली.

काल ज्ञानू आला. म्हातारा झालाय.
म्हणाला, शेळीचं पुन्यांदा इचार.
मी धोतराच्या सोग्यानं तो खळगा कोरडा केला,
अंगठा बुडवला, झटकला, एवढंच.
उजवी पडली. लगेच.
ज्ञानूनं हात जोडले, खाली पडलेली पाकळी बघितली,
आणि हळूच म्हणाला,
देवाची कायतरी चूक झाली असंल.