दुसरा नळ

नोव्हेंबर आला की मी जिवंत असल्याचं
लेखी द्यावं लागतं.

नया बाजारातल्या बँकेत पटेरिया यंत्र पुढे सरकवतो,
म्हणतो, माताजी, अंगूठा.
ठेवते. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवते. लाल दिवा.
तेहतीस वर्षं खडू घासून घासून
उजव्या हाताच्या रेषा फळ्यावरच राहिल्या असाव्यात.
शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट कामी येतं,
ज्यानं आयुष्यात काही लिहिलं नाही:
शरयू मुकुंद गर्दे, सेवानिवृत्त, गणित.
आणखी एक वर्ष मंजूर.

बाकावर कुणीतरी वर्तमानपत्र टाकून गेलेलं.
राज्याच्या तिजोरीवर निवृत्तिवेतनाचा भार.
चित्रात एक लठ्ठ म्हातारा पोत्यावर बसलाय,
पोत्याखालून शाळेचं छप्पर डोकावतंय.
भार.
मागच्या आठवड्यात दवाखान्यात काटा बघितला होता,
एकेचाळीस किलो, चपलांसकट.

मग घरी न जाता माधवगंजला गेले.

माझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही.
बारा वर्षं तक्त्यावर एकच शब्द, रिक्त.
वर्ग घेते भारती कुशवाह. अतिथी शिक्षिका.
अतिथी! आठ वर्षं दारात उभं ठेवलेला
असा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही.
तिचा महिन्याचा पगार
माझ्या नुसत्या महागाई भत्त्यात बसतो.
तिनं मला ते सांगितलं नाही.
मीच मनात वजाबाकी केली,
जित्याची खोड.

मला कमी पगार देताना ते म्हणाले होते, उरलेलं पुढे देऊ.
देतात. वेळेवर देतात. तो माझाच पैसा, मी भीक घेत नाही,
हे मी तिला सांगायला लागले
आणि मध्येच थांबले.
तिला पुढचं कुणीच काही म्हणालेलं नाही.

नववी अ आणि नववी ब एकाच खोलीत.
सत्त्याऐंशी मुली.
(शिकवलं जन्मभर हिंदीतून,
मोजायची वेळ आली की मात्र मराठी.)
भारती म्हणाली, मॅडम, एक तास घ्या ना,
मला जनगणनेचे कागद भरायचेत.

हाताला येईल ते गणित लिहिलं. जुनंच.
एका नळानं हौद सहा तासांत भरतो,
दुसऱ्यानं आठ तासांत रिकामा होतो.
दोन्ही एकदम सोडले तर?
चोवीस तास, चोवीस, चोवीस,
खिडकीकडच्या बाकांवरून उत्तर आलं,
बरोबर होतं.
मी पुसायला वळले
तशी मागून शिफा मन्सुरी उठली, सायकलच्या चेनचं काळं बोटांना,
मॅडम, दुसऱ्या नळाचं पाणी जातं कुठे?

तेहतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पुस्तकातही नाही. पुस्तकात ते नुसतं जातं.

कुठे जातं?
रक्तदाबाच्या गोळ्यांत. दूधवाल्याकडे.
पोळ्या करायला येणाऱ्या मीराच्या खोलीच्या भाड्यात,
आणि तिची धाकटी याच वर्गात, तिसऱ्या बाकावर,
माझ्याकडे न बघता बसलेली.
इथवर ठीक होतं, इथवर मी सांगितलं असतं.
पण मोठी धार जाते सिटी सेंटरला,
नातवाच्या शाळेत,
दर तिमाहीला, चेकनं, माझ्या सहीनं.
तिथे गणिताला तीन शिक्षक आहेत
आणि घोड्यावर बसायला एक.

फळ्यावर दोन नळ. खाली हौद,
मी काढलेला, जरा तिरका.
सत्त्याऐंशी मुली उत्तर उतरवून घ्यायला
पेनं उघडून बसलेल्या.

उद्या सांगते, म्हटलं.
नक्की? शिफा म्हणाली.
नक्की.
पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी आहे,
तसं लेखी आहे.