जमा-नावे

बाबांची वही लांबट आहे, लाल कापडी पाठीची.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
बँकेत मी तीस वर्षं काढली,
असा हिशेब पाहिला नाही.

एकोणऐंशी, मार्च. नेरूळची नवी सडक.
तेव्हा नेरूळ म्हणजे नुसती सडकच,
दोन्ही बाजूंना मिठागर, दिवा नाही की माणूस नाही.
दहा फेऱ्या. पहिला. रुपये साडेतीनशे
आणि एक प्रेशर कुकर.
कुकर अजून आहे. शिट्टी तिसरी.

गाडी फियाट, बाजारात लग्नाच्या वरातीला मिळते तीच.
नियमच होता, पत्रा कंपनीचा हवा.
आतलं काळीज मात्र
जोमा भोईर, मुक्काम बाळकुम, यांनी
वागळे इस्टेटच्या शेडमध्ये रात्री घासून बसवलेलं.
टायरचे पैसे रेतीवाल्या शेटचे.
जिंकलो तर निम्मे त्याचे, हरलो तर सगळे माझे,
बाबा हसून सांगायचे.
सगळे म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं.

नावे: सिव्हिल हॉस्पिटल, डावा हात, एकशे दहा.
जमा: पेपरात फोटो. शून्य.
शून्य सुद्धा शाईने, गोल, नीट.

मग चौऱ्याऐंशी. दुसरा नंबर. जमा सातशे.
पहिल्याला पाचशे होते त्या दिवशी.
समोरच्या रकान्यात: पुतळ्या सोडवल्या, सहाशे ऐंशी.
त्यापुढची पानं आईच्या दुधाच्या हिशेबाची.

विचारलं एकदा. नखाने वहीची शिवण खरवडत म्हणाले,
तिसऱ्या वळणावर ब्रेक मारला.
गरज नव्हती.

आता त्याच बाजूला पाम बीच रोड.
गाडी मी चालवते, साठच्या आत.
मागून पोरं हॉर्न देत, शिव्या देत सुटतात.
बाबा शेजारी, पट्टा लावून, गप्प.
वळण आलं की त्यांचा उजवा पाय
खालचं मॅट दाबतो.
ब्रेक की ॲक्सिलरेटर,
पाय एकच, वरून कळत नाही.

काल बसून बेरीज केली. सहा वर्षं,
वजा दोन हजार एकशे चार.
पेन्सिलने लिहून दाखवली.
चष्मा वर करून त्यांनी ती तपासली,
चौऱ्याऐंशीपाशी बोट थांबलं.
वीस उरले होते, म्हणाले, ते कुठे धरलेस?
मला कुठे माहीत.
तलावपाळीला नेलं होतं तुम्हाला.
तू भेळ खाल्लीस, दोनदा.
वर कुल्फी मागितलीस.