पेन्सिलीने लिहिलेली लेबलं

पाण्याला चव नसते, असं लिहून
शाळेत मी पैकीच्या पैकी मिळवले होते.
मग मुसाखेडीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली.
दर महिन्याला फिरती :
थर्माकोलची पेटी, बर्फ, बारा बाटल्या,
रुमालात गुंडाळलेली तिकिटं.

ग्वाल्हेरला रात्रीच्या गाडीनं.
गुना गेलं की डब्यातली भाषा बदलते,
'अपन' उतरतो, 'हम' चढतो.
वरच्या बर्थवरचा माणूस एकटाच,
पण म्हणतो, हम अब सोएँगे,
आणि खरंच दोघा-तिघांएवढा घोरतो.
शिवपुरीला थंडी पायांच्या बोटांतून वर येते.

तिघऱ्याच्या बंधाऱ्यावर कुशवाह दोरी सोडतो.
तुमच्याकडे नर्मदा कशी येते, मैडम?
डोंगर चढून?
पंपानं, मी सांगते.
तो दोरी तशीच धरून उभा राहतो.
देवीला पंप लावला?

लष्करातल्या सरवटे काकूंच्या अंगणात हातपंप आहे,
त्याचाही एक नमुना, यादीत नसलेला.
बैस, मी चहा ठेवून राहिले, म्हणतात त्या,
आणि उद्याची डाळ आज संध्याकाळीच
भिजत घालतात. मला वाटायचं, सवय.

बडोद्याला बसनं, दाहोदला पहाट होते.
महीच्या विहिरींवर नलिनाक्ष गुप्ते भेटतात,
पाच पिढ्यांचे तिथले.
आज जरा मोडं झालं, म्हणतात,
आणि पहिल्या खेपेला मी घाबरून विचारलं होतं,
काय मोडलं?
काही नाही, उशीर झाला फक्त.
विश्वामित्रीच्या काठावर मगर पहुडलेली दिसली
की गुप्ते हातातलं घड्याळ बघत नाहीत,
ऊन कुठवर आलंय ते त्यांना कळतं.
त्यांच्या घरी आमटीत गूळ इतका,
की मी भात दोनदा मागून घेते
आणि तिसऱ्यांदा नको म्हणायला शिकलेले नाही.

मागच्या मार्चात परतताना बर्फ वितळला.
पेटीच्या तळाशी निळं पाणी,
शाईनं लिहिलेली सगळी गावं त्यात.
बाटल्या स्वच्छ, सारख्या, गप्प.
पुणतांबेकर सर म्हणाले,
नमुना खराब, असं लिहा आणि ओतून टाका.
मी तसं लिहिलं.

ओतल्या मात्र नाहीत.
घरी तीन पातेल्यांत तूरडाळ चढवली,
तीन बाटल्यांची, कुकरशिवाय.
एक चाळीस मिनिटांत मऊ.
एक उतू जाऊन शेगडी भिजवून गेली.
तिसरी दीड तास दाण्यासारखी टणक,
आई म्हणाली, ही काय गोट्या शिजवतेस?
आणि मला अंगण दिसलं,
काकूंचं डाळीचं भांडं, वर उलटी ताटली.
सवय नव्हती ती.
गुप्त्यांच्या गुळाचा मात्र पाण्याशी काही संबंध लागला नाही.
तो नुसता गूळ आहे.

उरलेल्या बाटल्या घेऊन रविवारी
भावाच्या स्कूटरवर जानापावला गेले.
वरती माथ्यावर उभं राहून
त्याला हातानं दाखवलं :
इकडे सांडलेलं चंबळेत, मग यमुनेत,
मग पार बंगालच्या उपसागरात;
तिकडे सांडलेलं नर्मदेत, भरूचच्या खाली समुद्र.
एका ढेकळाचा फरक.
तो म्हणाला, ओत ना मग, ऊन लागून राहिलंय.

ओतलं.
कुठल्याही बाजूला गेलं नाही.
मार्चातली जमीन ती,
ताटाएवढा ओला डाग तेवढा उमटला.
एक मुंगळा काठापाशी थांबला,
वळसा घालून गेला.
आम्ही पेरू खाल्ले. डाग गेला.

आता मी लेबलं पेन्सिलीनं लिहिते,
शिसं पाण्यात सुटत नाही.
आणि गावाच्या नावाखाली, सरांना दिसणार नाही
इतक्या बारीक अक्षरात,
डाळ किती वेळात शिजली ते.